मोबाइलवरचे सवंगडी

सध्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आयांची एक तक्रार ठरलेली असते. मुलाला सर्दी-खोकल्यासाठी आणलेले असते. घसा तपासून होतो, औषध लिहून होते आणि उठता उठता आई म्हणते, "मॅडम, याला जरा मोबाइलबद्दल पण सांगा ना. तुमचं तरी ऐकेल." मुलगा खाली मान घालून चपलेशी चाळा करीत बसतो. पूर्वी मी लगेच सांगत असे. डोळे बिघडतील, मान आखडेल, अभ्यास बुडेल, हा पाठ मला तोंडपाठ होता. हल्ली मी आधी मुलाला एकच प्रश्न विचारते, "कोणाबरोबर खेळतोस?"

या प्रश्नाला मुले मान वर करून उत्तर देतात. एक मामाचा मुलगा, एक वर्गातला, एक आधी शेजारी राहायचा आणि आता वडिलांच्या बदलीमुळे परगावी गेलेला. चौघांचा चमू असतो. कोण पुढे जातो, कोण मागून सांभाळतो, कोण घाबरट आहे, सगळे भरभरून सांगतात. आईला यातले काहीच ठाऊक नसते. तिला फक्त वाकलेली पाठ आणि कानातल्या वायरी दिसत असतात.

हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. तो मला माझ्याच घरात, एका चुकीनंतर सुचला. ती हकीकत आज सांगणार आहे. त्यात आणखी दोन घरांचा संबंध आहे. त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे.

बटण दाबले की खेळ थांबत असे

मी स्वतः खेळलेलीच नाही असे नाही. १९९२ च्या सुमारास आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. मी दहावीत, धाकटा भाऊ सातवीत. कॅसेट अडली की ती काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची, हे त्या काळच्या सर्व मुलांना आठवत असेल. ‘कॉन्ट्रा’ नावाचा खेळ आम्ही दोघे मिळून खेळत असू. त्यात दोन सैनिक एकाच पडद्यावर असतात. तिसऱ्या टप्प्याला एक उंच धबधबा लागतो आणि उड्या मारीत वर चढायचे असते. एक गडी भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खालून नाहीसा होऊन मरतो. भाऊ नेहमी पुढे पळायचा आणि मी मरायचे. त्यावरून आमची मारामारी होत असे. पुढे तो माझ्यासाठी थांबायला शिकला. आईवडिलांनी अनेकदा सांगूनही जे झाले नव्हते ते त्या धबधब्याने केले, असे मी गमतीने म्हणते.

पण मुद्दा वेगळाच आहे. जेवायला हाक आली की आम्ही एक बटण दाबायचो आणि खेळ जागच्या जागी गोठायचा. दोन्ही सैनिक हवेत उडी मारलेल्या अवस्थेत थांबत. वरण-भात जेवून, हात धुऊन आलो की पुन्हा बटण दाबून उरलेली उडी पुरी व्हायची. आज जे पालक चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्या डोक्यात खेळ म्हणजे हाच. म्हणून मुलगा "एकच मिनिट, आई!" म्हणाला की तो थापा मारतोय, असे आपल्याला वाटते.

आजचे सोबतीचे खेळ असे थांबत नाहीत. मुलांमध्ये प्रिय असलेला बीजीएमआय हा खेळ घ्या. साधारण शंभर खेळाडू एकाच वेळी एका बेटावर उतरतात आणि चौघाचौघांच्या तुकड्या शेवटपर्यंत टिकण्यासाठी झगडतात. मोठ्या नकाशावरचा एक सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो. तो थांबवायचे बटण नाही, कारण तिकडे इतर माणसे खेळत असतात. गोळी लागून गडी खाली पडला की तो लगेच मरत नाही. सोबत्याने जवळ जाऊन सुमारे दहा सेकंद त्याच्यापाशी थांबले तर तो पुन्हा उभा राहतो. ते दहा सेकंद थांबणारा स्वतः उघड्यावर सापडतो. मुले एकमेकांवर खूश होतात ती बहुधा या दहा सेकंदांमुळे.

मी फोन हिसकावला

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरी खेळ पुन्हा शिरला तो लुडोच्या रूपाने. सासूबाईंना सोंगट्या सरकवायची जुनी हौस. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेला लुडो किंग त्या वर्षी घराघरांत पोचला होता. सासूबाई, त्यांची पुण्यातली बहीण, माझा मुलगा आणि मस्कतचा भाचा असा डाव रोज दुपारी चाले. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी फासा खुळखुळवणे त्यांना जमत नव्हते, पडद्यावर टिचकी मारणे जमे. त्या काळात मी दिवसभर तापाचे रुग्ण तपासून यायचे आणि घरात एका वेगळ्या खोलीत राहायचे. दाराआडून त्यांचा आरडाओरडा ऐकू आला की मला बरे वाटायचे. तेव्हा मी एकदाही घड्याळ पाहिले नाही.

पुढच्या वर्षी मुलगा बारावीत गेला. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला आणि त्याच्या मित्रांची चौकडी जमली. कॉलेज बराच काळ बंदच होते. रात्री साडेनऊला सुरू व्हायचे ते साडेबारा-एकपर्यंत. सकाळी दहाला उठवावे लागे. मी समजावले, ओरडले, अबोला धरला. ऑक्टोबरमधल्या एका रात्री पावणेअकराला मी त्याच्या खोलीत गेले. तो म्हणाला, "आई, एकच मिनिट, शेवटचे दहा उरलेत." मी फोन हातातून ओढून घेतला आणि बंद करून कपाटात ठेवला.

तो ओरडला नाही. "मी त्याला उचलत होतो," एवढेच म्हणाला आणि तोंड फिरवून झोपला. नऊ दिवस तो माझ्याशी कामापुरते बोलला.

दोन-तीन दिवसांनी त्या चौघांपैकी एकाची आई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली. एप्रिल-मे २०२१ च्या लाटेत तिचे यजमान गेले होते. ते माझेही रुग्ण होते. गोळ्या पिशवीत टाकताना ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही केलंत ते बरोबरच असेल. मी तुम्हाला काय सांगणार? पण आमचा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो हो. रात्री ते चौघं खेळायला बसतात ना, तेवढाच त्याचा हसलेला आवाज माझ्या कानावर पडतो. मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसून राहते ऐकत."

माझ्या मुलाने कोणाला उचलायचे सोडले होते, ते मला तेव्हा कळले. वडील गेल्यावर त्या मुलाला भेटायला जावे, धीर द्यावा, असे मीच चिरंजिवांना दोनदा सांगितले होते. तो "जाईन" म्हणून गेला नाही, याचा मला रागही होता. सतरा वर्षांची मुले एकमेकांसमोर बसून दुःखाच्या गोष्टी करीत नाहीत. त्यांनी दुसरा मार्ग काढला होता आणि तो माझ्या डोळ्यांसमोर रोज तीन तास चालू होता.

तरी झोपेचे काय?

आता डॉक्टर म्हणून दुसरी बाजू सांगणे भाग आहे. सोबत कितीही मोलाची असो, एक वाजता झोपणाऱ्या मुलाचे शरीर तिची किंमत मोजत असतेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे पुढे सरकलेले असते, म्हणजे झोप उशिरा येते. त्यात पडद्याचा प्रकाश भर घालतो. पण माझ्या मते प्रकाशापेक्षा उत्तेजना अधिक नडते. सामना संपतो तेव्हा नाडी वाढलेली असते आणि डोके तापलेले असते. त्यानंतर कोण कुठे चुकला याची चर्चा अर्धा तास चालते. टीव्ही बघता बघता माणूस पेंगतो. सामना खेळता खेळता पेंगलेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

कानांकडे पालकांचे जवळजवळ लक्षच नसते. या खेळात शत्रूच्या पावलांचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून मुले आवाज पूर्ण चढवून ठेवतात आणि त्याच आवाजात मग गोळीबार ऐकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मुलांसाठी आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ७५ डेसिबल ही सुरक्षित पातळी धरली जाते. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. आपण हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललो आणि मुलाला ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे असे समजा. खेळून झाल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

अंगठ्याचे दुखणे मात्र मुले स्वतःहून सांगतात, कारण त्याने खेळ बिघडतो. मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते. घरी पाहायची सोपी खूण अशी: अंगठा तळहातात दुमडून त्यावर मूठ आवळा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी जोराची कळ आली तर दोन-तीन आठवडे विश्रांती, शेक आणि गरज पडल्यास पट्टा लागतो. दुखत असताना नेटाने खेळत राहिल्यास दुखणे चिवट होते.

डोळ्यांबद्दल बहुतेकांनी ऐकलेले असते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहा, हा सल्ला चालू सामन्यात कोणी पाळत नाही. म्हणून मी सांगते की दोन सामन्यांच्या मध्ये फोन ठेवून गच्चीत जाऊन यावे. दिवसा उघड्यावर घालवलेला वेळ मुलांना जवळच्या नजरेचा चष्मा लागण्याची शक्यता कमी करतो, हे मात्र अवश्य लक्षात ठेवा. ज्या मुलाला फिट येते त्याच्या पालकांनी लखलखणाऱ्या दृश्यांचे खेळ देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक खर्च आहे, तो रोख. चौघांनी सारखे कपडे, सारख्या बंदुकांचे रंग घ्यायचे ठरते आणि ज्याच्या घरी पैसे नाहीत तो आजीच्या फोनवरून प्रयत्न करतो. पालकांच्या फोनमधील पैसे देण्याची सोय कुलूपबंद ठेवावी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा निराळा विषय आहे. त्यांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला.

तह

तर मी काय केले? आधी मुलाची माफी मागितली. मग चिरंजिवांना म्हटले, "तुमचा खेळ बंद करत नाही. पण तुम्ही चौघं मिळून वेळ ठरवा आणि मला सांगा." एकट्या मुलावर वेळेचे बंधन घातले की तो मित्रांत ‘आई ओरडते म्हणून पळणारा’ ठरतो. चौघांनी मिळून ठरवले की कोणालाच पळावे लागत नाही. त्यांनी ठरवले ते असे: रात्री साडेआठला सुरुवात, दोन सामने, आणि पावणेदहानंतर नवा सामना सुरू करायचा नाही. घड्याळाचा काटा कुठेही असो, चालू सामना पुरा होऊ द्यायचा, हे मी कबूल केले. म्हणजे मी मिनिटांऐवजी सामने मोजायला शिकले. जेवण आधी उरकायचे, हे सासूबाईंनी घातलेले कलम. अठरा वर्षांखालील मुलांना या खेळात दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली आहे, असे चिरंजिवांनी मला ऐकवून पाहिले. ती खेळाची मर्यादा आहे, घराची नव्हे, असे मी त्यांना सांगितले.

एका रविवारी मीही त्यांच्यात खेळून पाहिले. पहिल्या पाच मिनिटांतच पडले. तिघे मला उचलायला धावले आणि तिघेही मेले. घरात इतके हसणे बऱ्याच दिवसांनी झाले. घरच्यांनी मुलांबरोबर खेळण्यावर परदेशात अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्या अकरा ते सोळा वर्षांच्या मुली आईवडिलांबरोबर वयाला साजेसे खेळ खेळत, त्यांना घराशी अधिक जवळीक वाटत होती आणि त्यांचे वागणेही अधिक चांगले आढळले. मुलग्यांमध्ये तसा संबंध दिसला नाही. खेळल्यामुळे जवळीक आली, की जवळीक असलेली घरेच एकत्र खेळतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तेव्हा यावर फार इमले बांधू नयेत.

माझी दुसरी चूक

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्या चौघांत एक चौथा होता. तह झाल्यावर तोही पावणेदहाच्या नियमाला ‘हो’ म्हणाला होता. तिघे झोपायला गेले की तो मात्र अनोळखी खेळाडूंच्या तुकड्यांत शिरून पहाटे तीन-चारपर्यंत खेळत बसायचा. डिसेंबरमध्ये त्याचे वडील मला भेटले. मुलगा वाळलाय, शिकवणी सोडली, जेवायला खोलीबाहेर येत नाही, चिडतो, असे त्यांनी सांगितले. मी तेव्हा सोबतीच्या खेळाच्या इतकी प्रेमात होते की म्हणाले, "वयच असं आहे. मित्रांत आहे ना, मग काळजी करू नका."

तो मित्रांत नव्हता. हळूहळू त्याने रात्री साडेआठला येणेच सोडले होते. माझ्या मुलाला हे ठाऊक होते, पण मी त्याला विचारले नाही. मार्च २०२२ च्या बारावीच्या परीक्षेत त्याने दोन पेपर दिलेच नाहीत, तेव्हा सगळे उघडे पडले. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्याला नैराश्य होते आणि ते खेळाच्या आधीपासून असावे. खेळात तो त्यापासून लपत होता. उपचार सात-आठ महिने चालले. पुरवणी परीक्षा देऊन तो पास झाला. डिसेंबरमध्ये मी त्याला समोर बसवून दहा मिनिटे बोलते केले असते, तर ते तीन महिने वाचले असते. त्याच्या वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. मी स्वतःला लावते.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला आहे आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. केवळ तास मोजून हा विकार ठरत नाही. खेळावर ताबा राहत नाही, बाकीच्या आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच सर्वांत पुढे येतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते, अशी लक्षणे साधारण वर्षभर आणि घर, शिक्षण, मैत्री यांना बाधा येईल इतकी तीव्र असावी लागतात. बहुसंख्य मुले यात बसत नाहीत. पण वर्ष पुरे व्हायची वाट पाहत बसू नये. मला पुढे जास्त उपयोगी पडलेली खूण अशी की खेळ तोच राहतो आणि सवंगडी बदलतात. ओळखीची नावे बोलण्यातून जातात, नुसता खेळ उरतो. जेवण, आंघोळ, शाळा सुटू लागली, पूर्वीचे मित्र घरी यायचे थांबले, मुलगा उदास किंवा निराशेचे बोलू लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

आपल्या मुलाबद्दल विचारायचेच असेल तर "किती वेळ खेळतोस?" याने सुरुवात करू नका. त्याचे उत्तर खोटे येते. "आज कोण कोण होतं?", "तो परवा का नव्हता?", "हा कोण, याला कधी भेटलायस का?" असे विचारा. तुकडीत अनोळखी प्रौढ माणूस आहे का, तो फोटो, पत्ता किंवा पैसे मागतो का, हेही याच गप्पांत कळते.

माझा मुलगा आता नोकरीसाठी परगावी असतो. फोन केला की "बरा आहे", "जेवलो", एवढेच बोलतो. रविवारी रात्री आम्ही दोघे अर्धा तास ऑनलाइन खेळतो. गोळीबाराच्या मध्ये कधीतरी तो सांगून जातो की साहेब त्रास देतात, किंवा खोलीवर एकट्याला करमत नाही. मी बंदूक रोखून ऐकत असते. गेल्या महिन्यापासून माझा उजवा अंगठा मुळाशी दुखतो आहे. वर सांगितलेली मुठीची खूण करून पाहिली आणि कळ आली. सध्या पट्टा बांधून मी सासूबाईंच्या लुडोत बसते. चिरंजिवांना तसे कळवले तेव्हा ते म्हणाले, "चालेल. मग मी पण लुडोत येतो. आजीला सांग, पिवळा रंग माझा."

(पुढील आठवड्यात : मनगट व अंगठ्यासाठी घरी करावयाचे व्यायाम)